तरंगणारं सिमेंट

फोन आला तेव्हा साचेवाल्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होते. प्लास्टर एकदा कालवायला घेतलं की ते माणसाची वाट बघत नाही, म्हणून रंगाऱ्याने फोन त्याच्या कानाला लावून धरला. पलीकडे मेहुणी होती. बायको आदल्या दिवशी बहिणीकडे राहायला गेली होती, आणि दोघी बहिणी एकत्र जमल्या की त्याला फोन यायचा तो त्याची टर उडवायलाच. तो आधीच हसत म्हणाला, "बोला, आज काय काढलंत माझ्यावर?"

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "ताई सकाळी उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले. झोपेतच गेली म्हणाले."

रंगाऱ्याला वाटलं फोन बंद पडला. त्याने तो आपल्या कानाला लावला आणि मग त्यालाही कळलं.

प्लास्टर घट्ट होताना तापतं. बादलीतलं प्लास्टर साचेवाल्याच्या मनगटांभोवती आधी कोमट झालं, मग गरम झालं, मग दगड झालं, तरी तो हात काढेना. शेवटी रंगाऱ्याने छिन्नी आणून हलक्या हाताने बादली फोडली, एकेक तुकडा सोडवला, नळाखाली त्याचे हात धुतले आणि लहान मुलाला नेतात तसं त्याला धरून बाहेर नेलं.

माणूस गेल्यावर जे करायचं असतं ते सगळं झालं. माणसं आली, माणसं गेली. साचेवाला पुन्हा कारखान्यात जाऊ लागला. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड आणि पुढे अंगण. तिथे घरांच्या फाटकांवर बसवायचे सिमेंटचे सिंह, बागेतले हंस, कुंड्या आणि कठड्यांचे खांब तयार व्हायचे. साचे तो बनवायचा, रंग रंगारी द्यायचा. सिंह पिवळे, हंस पांढरे, यात कधी बदल नाही. अर्धं आयुष्य त्याने सिंहांचे पंजे घडवण्यात घालवलं होतं.

बायको पोहायला शिकवायची. घराजवळच्या बंदिस्त तलावावर तिचे बरेच वर्ग होते, पण तिचा लाडका वर्ग म्हणजे सकाळचा, आज्यांचा. जन्मात पाण्यात न उतरलेल्या बायका नातवंडं शाळेत सोडून यायच्या आणि ती त्यांना आधी तरंगायला शिकवायची. हातपाय मारणं नंतर. घरी आली की नवऱ्याला चिडवायची, "अहो, तुमचे हंस पाण्यात टाकले की तळाला जातात. माझ्या आज्या बघा एकदा येऊन, कशा लाकडाच्या फळीसारख्या तरंगतात!"

"हंसाला मान आहे, ती मोडेल," तो म्हणायचा. "तुझ्या आज्यांना माना कुठायत?"

तो मात्र तिच्या हयातीत एकदाही पाण्यात उतरला नाही. काठावर डबा घेऊन बसायचा, तिचा वर्ग सुटला की दोघं खायची आणि तो कामाला जायचा. तेवढंच.

एका सकाळी त्याच आज्या घोळक्याने त्याच्या घरी आल्या. पुढे कर्नलबाई. त्या सैन्यात नव्हत्या, त्यांचे यजमानही नव्हते, पण आवाज होता. दारातूनच त्या म्हणाल्या, "साचेवाले, बाईंचं काहीतरी तलावावर पाहिजे. लहान पोरांचा तो उथळ हौद बंदच असतो. व्यवस्थापकाला विचारलंय, तो हो म्हणालाय."

"हो म्हणालाय की तुम्ही म्हणायला लावलंय?" मागून एक आजी म्हणाली.

"एकच आहे ते," कर्नलबाई म्हणाल्या.

त्याने लगेच होकार दिला. इतक्या लगेच की त्या बायकांनी बरोबर आणलेली समजुतीची वाक्यं तशीच राहिली आणि त्यांना नुसताच चहा पिऊन जावं लागलं.

त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. पूर्ण उंचीची बाई, अंगात पोहायचा पोशाख, गळ्यात शिट्टी, एक हात पुढे केलेला. आधी मातीत, मग साचा, मग सिमेंट. रविवारी मेहुणी डबा घेऊन आली तेव्हा त्याने अंगणात नेऊन ती तिला दाखवली. मेहुणी बराच वेळ बघत राहिली. एकदा पुढून, एकदा बाजूने.

"भावोजी, रागावणार नसाल तर बोलते."

"बोला."

"ही ताई नाही. ही रहदारीची पोलीस आहे."

रंगारी शेडमध्ये तोंड फिरवून उभा राहिला. साचेवाल्याने पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं, आणि खरंच, आता तिच्याजवळून गाड्या गेल्या असत्या तरी नवल वाटलं नसतं. त्याला आधी वाईट वाटलं आणि मग, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच, पोटातून हसू आलं. मेहुणीही हसायला लागली. त्या दिवशी दोघांनी डबा पुतळ्याच्या सावलीत बसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पुतळा फोडायला घण घालताना त्याच्या लक्षात आली ती गोष्ट वेगळीच होती. पुतळ्याचा पुढे केलेला हात त्याने सिंहाच्या पंजासारखा केला होता, जाड बोटांचा, कारण बायकोचा हात कसा होता हे त्याला आठवतच नव्हतं. चेहरा आठवत होता, चालणं आठवत होतं, रागावून भांडी आदळायची तो आवाज आठवत होता. हात मात्र नाही. इतकी वर्षं ज्या हाताबरोबर एकाच डब्यातून खाल्लं तो हात! घरातले सगळे फोटो त्याने काढून पाहिले. हात कुठे पदराखाली, कुठे पाठीमागे, कुठे कापला गेलेला. आज हात गेला, उद्या आणखी काय जाईल?

म्हणून त्याने सिमेंट बाजूला ठेवलं. सिमेंटला त्याच्या हाताची आणि त्याच्या हाताला सिमेंटची फार सवय झाली होती. वेगळ्या कशात तरी करून बघू, कदाचित बोटांनाच आठवेल. तारेचा हात वळला, तो झाडाच्या मुळासारखा दिसायला लागला. मेणाचा केला, तो छान झाला पण पत्र्याखाली दुपारी वितळून त्याने रंगाऱ्याच्या चपलेवर माया केली. कापड सिमेंटच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवलं, त्याची घडी सुंदर पडली, बोट एकही झालं नाही. कागदाचा लगदा केला, तो उंदरांनी पसंत केला.

मजा अशी की हे सगळं फसत होतं आणि त्याला बरं वाटत होतं. सकाळी उठायला कारण होतं. कारखान्याचा मालकही काही म्हणाला नाही, फक्त एकदा विचारलं, "यातलं काही फाटकावर बसेल का?"

"नाही बसणार," साचेवाला म्हणाला.

"मग सुट्टीच्या दिवशीच करा," मालक म्हणाला आणि गेला.

हात सापडेना तेव्हा तो आज्यांकडे गेला. वर्ग आता कोणी घेत नव्हतं. त्या आपापल्याच यायच्या, काठाला धरून गप्पा मारायच्या आणि जायच्या. त्याने विचारलं, "ती तुम्हाला कशी धरायची?"

"कमरेखाली," एक म्हणाली.

"नाही गं, खांद्यांच्या मध्ये."

"मला तर धरलंच नाही कधी," तिसरी म्हणाली. "धरलंय धरलंय म्हणायच्या आणि हात कधीच काढलेला असायचा. लबाड होत्या."

कर्नलबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. "असं काठावर बसून कळायचं नाही. उतरा."

"मी?"

"नाही, तुमचे सिंह."

त्याच्याकडे पोहायची चड्डी नव्हती. मेहुणीने आणून दिली, भडक केशरी. "बुडालात तर दिसायला पाहिजे," ती म्हणाली.

त्या सकाळी अख्ख्या वर्गाने जी करमणूक अनुभवली तिची चर्चा पुढे खूप दिवस पुरली. साचेवाला पाठीवर पडायचा आणि पोत्यासारखा खाली जायचा. नाकातोंडात पाणी. पुन्हा पडायचा, पुन्हा खाली.

"मान सोडा," कर्नलबाई ओरडत होत्या. "मान! डोकं काय गळ्याला बांधून आणलंय? अहो, तुमचे सिंह तरी आतून पोकळ असतात, तुम्ही पार भरीव आहात!"

मग एकदा, दमल्यामुळे असेल, त्याने मान सोडली. कानांत पाणी भरलं, आवाज लांब गेले, वर छतावर उन्हाचे कवडसे हलत होते. आणि पाठीखाली, कमरेच्या जरा वर, एक तळवा होता. त्याला वाटलं होतं तो तळवा उचलत असेल. उचलत नव्हता. नुसता होता. त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याला शंका आली, तळवा अजून आहे की नाही. शंका आल्याबरोबर तो बुडाला.

"बघितलंत?" कर्नलबाई त्याला दंडाला धरून वर काढत म्हणाल्या. "केव्हाच काढला होता हात."

खोकता खोकता तो म्हणाला, "पाठ करायची."

"काय?"

"बाई नाही करायची. पाठ करायची. पाण्यावर पडलेली. आणि ती तरंगली पाहिजे."

"कशाची करणार?"

"सिमेंटची."

त्यावर तलावात जो हशा पिकला तो ऐकून व्यवस्थापक बाहेर आला.

पण साचेवाला वेडा नव्हता. सिमेंट बुडतं ते जाडजूड असतं म्हणून. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी घ्यायची, थरावर थर बांधायचे आणि त्यात तळहाताने पातळ सिमेंट दाबत जायचं, भाकरीपेक्षा जाड नाही. आत नुसती हवा. त्याने आधी वाटीएवढी करून पाहिली, पिंपात सोडली. तरंगली. रंगाऱ्याने तिच्यात बिडीची राख झाडली, तरी तरंगली.

प्रश्न होता पाठ कोणाची. तो माती घेऊन बसला तेव्हा पुन्हा तेच झालं: पाठ गुळगुळीत, देखणी आणि कोणाचीच नाही. मग त्याच्या मनात आलं की आपण नेहमी वरून बघतो. पाण्याने पाठ खालून पाहिलेली असते. हातानेही. त्याने अंगणात फळ्यांचा मोठा चौकोन केला, ओली बारीक वाळू भरली, हाताने सारखी केली आणि आज्यांना निरोप धाडला.

सगळ्या आल्या. मेहुणीही आली, डबा घेऊन. आधी कोणी पुढे होईना.

"माझी घ्या," कर्नलबाई म्हणाल्या. "जागा भरपूर आहे." आणि त्या वाळूवर अशा पडल्या की जणू खालून पाणीच आहे, हात पसरून, मान सोडून. त्या उठल्यावर वाळूत मोठा खळगा राहिला, मध्ये कण्याची उंच रेघ.

दुसरीला नुसतं उभं राहवेना. "मी पण बघते," म्हणत ती त्याच खळग्यात पडली. मग तिसरी. साचेवाल्याला वाटलं वाळू पुन्हा सारखी करून एकेकीची वेगळी घ्यावी, पण तोपर्यंत त्या रांगेतच उभ्या होत्या, एकमेकींना हात देऊन उठवत होत्या, कोणाची वेणी वाळूत अडकली म्हणून खिदळत होत्या. शेवटी मेहुणी पडली. ती जरा जास्त वेळ पडून राहिली आणि कोणी तिला घाई केली नाही. सगळ्या उठल्या तेव्हा खळगा एकीचाही राहिला नव्हता आणि पाठ मात्र अगदी स्पष्ट होती, रुंद, थोडी वाकलेली, कुठेकुठे खोल. साचेवाल्याने ती बघितली आणि तो म्हणाला, "आता कोणी शिंकू नका."

त्या खळग्यात त्याने जाळी अंथरली. सिमेंट दाबताना बोटांना प्रत्येक चढउतार कळत होता. वरचा भाग बंद केला, पाठीवर पडलेल्या बाईचा पुढचा भाग जेवढा पाण्याबाहेर दिसेल तेवढाच, सपाटसा, खांदे, पोट. चेहरा केला नाही. गोणपाट घालून रोज पाणी मारलं. रंगाऱ्याने विचारलं, "पिवळा?"

"खबरदार."

मग रंगाऱ्याने पाणी आत शिरू नये म्हणून बिनरंगाच्या लेपाचे हातावर हात दिले, कानाकोपऱ्यांत, कडांना, जीव ओतून.

तलावावर न्यायचा दिवस शनिवार सकाळचा ठरला. टेम्पोतून उतरवताना चौघं पुरले इतकी ती हलकी होती. एरवी एवढा सिंह उचलायला सहा लागतात. उथळ हौदात आज्या कमरेएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या होत्या. साचेवाला आणि रंगारी यांनी ती अलगद पाण्यावर ठेवली आणि हात काढले.

ती तरंगली.

करड्या सिमेंटची बाई, पाण्यावर पाठ टेकून, जराशी डुलत. मेहुणीने डोळ्यांना पदर लावला. साचेवाल्याचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात आतून आवाज आला, बाटली भरताना येतो तसा. गुडगुड. पाठ एका बाजूला कलली. पुन्हा गुडगुड.

"अहो, बुडतेय!" कोणीतरी ओरडलं.

कर्नलबाईंनी विचार केला नाही. त्यांनी हात खाली घातला. शेजारच्या आजीने घातला, तिच्या शेजारचीने घातला, आणि ती पुन्हा सरळ झाली. कर्नलबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पाण्याखाली तळवा इकडेतिकडे फिरवला.

"साचेवाले," त्या म्हणाल्या, "हिला खाली भोक आहे."

रंगारी आणि साचेवाला एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येक सिंहाला, प्रत्येक हंसाला खालून भोक ठेवावंच लागतं; नाहीतर आत पावसाचं पाणी साठतं आणि सिमेंट तडकतं. अर्धं आयुष्य ठेवलेलं भोक. साचेवाल्याच्या हातांनी या वेळीही काठी खोचून ते ठेवलं होतं, आणि रंगाऱ्याने त्याच्या कडांना प्रेमाने लेप दिला होता. दोघांपैकी एकालाही ते खटकलं नव्हतं.

"मी म्हटलं, किती नीट भोक ठेवलंय," रंगारी हळूच म्हणाला.

हौदात हसण्याचा असा स्फोट झाला की आज्यांनी हात सोडले असते तर सगळी मेहनत तळाला गेली असती. पण कोणी हात सोडला नाही. कर्नलबाई भोकावर तळवा दाबून उभ्या होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "बुडवायला निघाला होतात बाईंना! लवकर करा काहीतरी, माझा हात भरून आला!"

साचेवाला होता तसाच, पँट-शर्टासकट, हौदात उतरला. भोक कुठे आहे बघायला तो वाकला. पाणी स्वच्छ होतं. पाठीखाली कर्नलबाईंचा तळवा होता: बोटं एकमेकांना चिकटलेली, मध्ये किंचित खोलगट, मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं. त्याने शेजारच्या आजीचा हात पाहिला. तसाच. तिसरीचाही तसाच, वळलेलं मनगट आणि सगळं. कोणी कोणाचं बघून केलं नव्हतं; घाबरून जो हात पुढे झाला तो झाला होता.

"असा हात कोण धरतं?" त्याने विचारलं.

"कसा?" कर्नलबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी स्वतःच खाली पाहिलं. "अगं बाई." त्या थांबल्या. "अशाच धरायच्या त्या. वर्गात एकमेकींना धरायला लावायच्या तेव्हा आमचेही हात असेच वळवायच्या..."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. कोणी त्याला उठ म्हटलं नाही. फक्त मेहुणी काठावरून म्हणाली, "भावोजी, आधी ते भोक बुजवा. मग बघा काय बघायचं ते."

बूच म्हणून रंगाऱ्याने आपल्या गळ्यातला रुमाल दिला. कायमचं बुजवायचं काम नंतर झालं, पाठ वाळल्यावर.

आता ती उथळ हौदात असते. आज्या काठ सोडून मोठ्या तलावात परत गेल्या आहेत. कर्नलबाई वर्ग घेतात आणि नव्या आलेल्या घाबरट बाईला आधी हौदाकडे नेतात. "ही बघ. सिमेंटची आहे. हिला जमतंय, तुला न जमायला काय झालं?" साचेवाला सकाळी काठावर डबा खातो, केशरी चड्डीत. त्याला आता कर्नलबाईंनी हात काढलेला कळला तरी तो लगेच बुडत नाही.

पाठीखाली, हौदाच्या तळाशी, एक हात बसवायचा त्याने ठरवलंय. भरीव, जड, जाळी नाही, पोकळी नाही. वर उघडलेला तळवा आणि पाठ यांच्यामध्ये वीतभर पाणी राहील एवढाच उंच. जागा काठावर खडूने आखून ठेवली आहे. मनगट जमलं आहे, बोटं जमली आहेत. अंगठा चुकतो. त्याबद्दल प्रत्येक आजी वेगळं सांगते, आणि मेहुणी म्हणते सगळ्या खोटं सांगतात. मातीचे कितीतरी हात करून त्याने मोडले, आणि मोडल्याचं त्याला वाईट वाटत नाही.

हात अजून झालेला नाही.